पार्टी कोण, माणूस की फर्म? क्लायंट सॉफ्टवेअर नऊ महिने वापरल्यावर

लातूरला माझं कर सल्ल्याचं ऑफिस आहे. मी आणि कामाला दोन मुली. पार्ट्या, म्हणजे आमचे क्लायंट, साडेचारशेच्या घरात: मोंढ्यातले आडते, डाळ मिलवाले, क्लासचे सर, डॉक्टर आणि निव्वळ पगारदार. २०२५ च्या पाडव्याला क्लायंट सांभाळायचं सॉफ्टवेअर घेतलं. त्याआधी सगळा कारभार एक्सेलवर आणि कपाटातल्या फायलींवर. घ्यायच्या विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सॉफ्टवेअरमध्ये नवं कार्ड, म्हणजे एका पार्टीचं नोंदपान, उघडलं की पहिलाच प्रश्न येतो, वैयक्तिक की व्यवसाय? वाटतो सोपा. पण आमचे एक आडते घ्या. आडत दुकान स्वतःच्या नावावर. भावासोबत डाळ मिल, ती भागीदारीत. वडिलोपार्जित वाड्याचं भाडं एचयूएफला, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाला, येतं. मुलानं प्रायव्हेट लिमिटेड काढली, तिच्यात हे डायरेक्टर. माणूस एक, मोबाइल एक, आणि आयकराच्या लेखी पार्ट्या चार.

सुरुवातीला आम्ही आडत दुकान ‘व्यवसाय’मध्ये आणि मालक ‘वैयक्तिक’मध्ये टाकला. म्हणजे चाराच्या पाच पार्ट्या झाल्या. प्रोप्रायटरचं दुकान ही वेगळी पार्टी नसते. त्याला वेगळा पॅन नाही, उत्पन्न मालकाच्याच रिटर्नमध्ये जातं. झालं असं, की बाकी कामांच्या यादीत तेच रिटर्न दोनदा दिसायला लागलं आणि मुलींनी एकाच माणसाला त्याच कागदांसाठी दोनदा फोन केले. तेव्हा ठरवलं, पॅन एक तर कार्ड एक. पॅनचं चौथं अक्षरच सांगतं: पी म्हणजे माणूस, एफ म्हणजे फर्म, सी कंपनी, एच एचयूएफ, टी ट्रस्ट. जीएसटी नंबरातही पहिले दोन आकडे राज्याचे, आपले २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅनच. त्यामुळे कोणता जीएसटी नंबर कोणत्या कार्डावर जाणार, यात वादाला जागा नाही. दुकानाचं नाव ‘व्यापारी नाव’ या रकान्यात लिहायचं, बस्स.

हे निस्तरायला मे महिना गेला. दोन कार्डं एकत्र करायची सोय आहे आणि कागद दोन्हीकडचे शाबूत राहतात. पण जुन्या नोंदींवर एकत्र केल्याच्या दिवसाची तारीख पडते. कोणी कागद कधी आणून दिले, हा माझ्या धंद्यात पुरावा असतो. तो असा पुसला जाणं मला अजिबात पटलं नाही.

सॉफ्टवेअरची खरी ताकद मला ‘नातं’ या सोयीत दिसली, आणि ती कळली एका चुकीनंतर. ऑगस्टमध्ये एक गृहस्थ ऑफिसात आले, बसलेही नाहीत, मोबाइल माझ्यासमोर धरला. भागीदारीतल्या डाळ मिलच्या ३बी मध्ये, म्हणजे जीएसटीच्या रिटर्नमध्ये, किती कर भरायचा आहे, तो आकडा आमच्याकडून त्यांच्या नंबरवर गेला होता. वाटण्या होऊन ते फर्ममधून निघाल्याला चार महिने झाले होते. “साहेब, मिलशी माझा काय संबंध राहिलाय आता?” एवढंच म्हणाले. दोन भावांमधला हिशोब माझ्या ऑफिसातून बाहेर गेला, याचं मला फार वाईट वाटलं. दोघांचीही मी माफी मागितली.

चूक अशी, की मोबाइल नंबर आम्ही फर्मच्या कार्डावर टाइप केला होता. आता फर्मच्या कार्डावर नंबरच ठेवत नाही. नंबर राहतो माणसाच्या कार्डावर. फर्मशी त्याचं नातं जोडायचं: भागीदार, या तारखेपासून या तारखेपर्यंत, आणि मेसेज कोणाला जावा, त्या नात्यावर खूण करायची. नातं संपलं की खूण आपोआप निघते, पण जुनी नोंद राहते. मागच्या वर्षाची नोटीस आली, तर तेव्हा भागीदार कोण होते हे एका क्लिकवर दिसतं.

तारखांचं मात्र ‘वैयक्तिक’ आणि ‘व्यवसाय’ यावर सोडू नका. ऑडिट लागणारा आडत्या माणूसच असतो, पण त्याची मुदत पगारदाराची नसते. मी ‘ऑडिट’ आणि ‘बिनऑडिट’ असे वेगळे गट केले. २०२५ मध्ये बिनऑडिट रिटर्नची ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबर झाली, शेवटी आणखी एक दिवस मिळाला. दोन्ही वेळा गटाची तारीख एकाच ठिकाणी बदलली आणि काम भागलं.

शोध हा याचा कच्चा भाग. पॅनवरचं नाव इंग्रजीत, मुली शोधतात मराठीत, आणि सॉफ्टवेअरला दोन्ही एकच आहेत हे कळत नाही. त्यात सिद्धेश्वर आमचं ग्रामदैवत, म्हणून ‘सिद्धेश्वर’ नावाच्याच अकरा पार्ट्या. शेवटी प्रत्येक कार्डाला गावाचा टॅग लावला: औसा, मुरूड, रेणापूर, चाकूर. आम्ही बोलतोही तसंच, ‘मुरूडचे सिद्धेश्वर’. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत याच टॅगवरून गावागावांतल्या पार्ट्यांना फोन लावले, आधी ख्यालीखुशाली विचारली, मग ऑडिटच्या कागदांचं बघितलं.

पोर्टलचे पासवर्ड कार्डावर ठेवायचा रकाना आहे, पण तो ऑफिसातल्या प्रत्येकाला दिसतो. मी तो रिकामा ठेवलाय. तुम्हीही ठेवा.

एक तक्रार अजून सुटलेली नाही. श्रावणात आमचे एक जुने दुकानदार वारले. अशा वेळी मुलाला स्वतःच्या पॅनवर नवा जीएसटी नंबर घ्यावा लागतो, खरेदीवर भरलेल्या कराचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मने तिकडे न्यावं लागतं, आणि वडिलांचं निधनाच्या तारखेपर्यंतचं रिटर्न वारस म्हणून भरावं लागतं. म्हणजे माणूस गेल्यावरही त्याच्या कार्डावर काम उरतं. सॉफ्टवेअरमध्ये ‘मयत’ निवडलं की कार्ड बंद होतं आणि बाकी कामांच्या यादीतून नाहीसं होतं. कंपनीला तीनदा लिहिलं, ‘नोंद घेतली आहे’ एवढं उत्तर आलं. तोवर ते कार्ड चालूच ठेवलंय. मुलाच्या कार्डाशी ‘वारस’ म्हणून जोडलंय आणि वर लाल अक्षरात लिहिलंय: काका नाहीत, फोन मुलाला करावा. वाढदिवसाला आपोआप जाणारा मेसेज हाताने बंद केला.