रूळ, गिंबल की व्हीलचेअर: गोव्यात सरकता शॉट घ्यायचा तर कशावर पैसे घालावेत?

निकाल आधी सांगून टाकतो, कारणं मागाहून. ज्याला जुनं घर, देऊळ, होमस्टेची खोली असं जागच्या जागी उभं असलेलं काही टिपायचं आहे आणि हाताशी थोडा निवांत वेळ आहे, त्याने पाइपच्या रुळांवर चालणारी डॉली, म्हणजे कॅमेऱ्याची चाकांची पाटी, घरी बनवावी. ज्याला मडगावची दिंडी, पणजीतला शिगमो किंवा कुणाची वरात पकडायची आहे, त्याने डॉलीच्या नादाला लागू नये, गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी मोटरींची मूठ) घ्यावा. ताटातली माशांची कढी आणि बेबिंका दाखवायची असेल तर तीन चाकांची टेबलावरची डॉली पुरते. आणि देवळाच्या उत्सवातलं नाटक मंडपाच्या मागून चित्रित करणार असाल तर यातलं काहीच नको. तिथून झूम लावल्यावर कॅमेरा दोन मीटर सरकवला तरी रंगमंचावर काही फरक दिसत नाही. बरा ट्रायपॉड घ्या आणि उरलेले पैसे आवाजावर घाला.

आता कारणं. झूम करताना कॅमेरा एकाच जागी असतो, त्यामुळे जवळचं आणि लांबचं सगळं सारख्याच प्रमाणात मोठं होतं. कॅमेरा स्वतः सरकला की जवळचा खांब झपकन बाजूला जातो, मागचं तुळशी वृंदावन सावकाश सरकतं आणि त्यामागचा डोंगर जवळपास हलतच नाही. प्रेक्षकाला जे ‘सिनेमासारखं’ वाटतं ते बहुतांशी हेच. म्हणून साधन निवडण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात: चौकटीतली सगळ्यात जवळची वस्तू किती जवळ आहे, आणि कॅमेऱ्याखाली जमीन कसली आहे. किंमत हा मुद्दा तिसरा.

गिंबल काय करतो, काय करत नाही

फोनचा किंवा छोट्या कॅमेऱ्याचा गिंबल तीन मोटरींवर चालतो. डावीकडे-उजवीकडे वळणं, वर-खाली झुकणं आणि कलणं, या तिन्ही हालचाली तो मोडून काढतो. पण तुम्ही चालताना तुमचं अख्खं शरीर प्रत्येक पावलाला वर-खाली होतं, त्याला तो काहीच करू शकत नाही. कॅमेऱ्याचा कोन स्थिर राहतो, उंची मात्र बदलत राहते. समोर फक्त समुद्र आणि आकाश असेल तर हे कुणाच्या लक्षात येत नाही. चौकटीत हातभर अंतरावर लाकडी खांब आला की तो होडीसारखा डुलायला लागतो. विक्रेते जे नमुन्याचे व्हिडिओ दाखवतात त्यांत जवळ काही नसतं, तेही पाहून घ्या.

गुडघे थोडे दुमडून, टाच अलगद टेकवत चालायची सवय केली की हे डुलणं बरंच कमी होतं, नाहीसं होत नाही. सेकंदाला ५० फ्रेमवर चित्रित करून निम्म्या वेगाने दाखवलं तर आणखी लपतं, पण मग ढोल-ताशाच्या तालाशी चित्राचा संबंध उरत नाही. शिगम्याचा व्हिडिओ आणि त्यातला रोमटामेळ (ढोल-ताशावर नाचत जाणारी मिरवणूक) संथ गतीने चाललेला, ही गोष्ट मला कधी पटली नाही.

तरी गर्दीत गिंबलला पर्याय नाही. दिंडीत रूळ मांडायला जागा कोण देणार? वारकऱ्याबरोबर चालत, मध्येच वळून पखवाजावर जाऊन पुन्हा गर्दीत शिरायचं हे काम फक्त त्याचं. भाड्याने घ्यायचा विचार असेल तर तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस टाळा. लग्नसराई सुरू झाली की व्हिडिओवाल्यांकडची बरी यंत्रं त्यांच्याच कामात गुंतलेली असतात.

रुळांवरची डॉली

गिंबल जिथे तोकडा पडतो तिथेच ही सरस ठरते. कॅमेऱ्याची उंची रुळाने बांधलेली असते, त्यामुळे डुलण्याचा प्रश्नच येत नाही. फोंडा किंवा डिचोलीकडच्या एखाद्या जुन्या घरात राजांगणाच्या (घरामधल्या उघड्या चौकाच्या) कडेने खांबांच्या ओळीला समांतर रूळ टाका आणि कॅमेरा खांबांपासून हातभरावर ठेवून सरकवा. असा शॉट गिंबलवर दहा वेळा चालूनही मिळणार नाही.

बांधणी सोपी आहे. एक १८ मिमी मरीन प्लायचा तुकडा, दोन फूट बाय दोन फूट. चार कोपऱ्यांना अॅल्युमिनियमच्या अँगलचे तुकडे, पाठ वर आणि दोन्ही पंख खाली उतरते, म्हणजे उलट्या व्हीसारखे. प्रत्येक पंखावर आतल्या बाजूने एक स्केटचं चाक. दोन चाकं एकमेकांशी काटकोनात बसतात आणि पाइपला दोन्हीकडून मिठी मारतात. एकूण आठ चाकं, प्रत्येकात दोन अशी सोळा बेअरिंग. बेअरिंगचा क्रमांक ६०८: आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. त्यामुळे ८ मिमीचा साधा बोल्ट त्यातून थेट जातो आणि कसलाही जोडभाग घडवून घ्यावा लागत नाही. अँगल प्लायला दोन ठिकाणी आवळू नका. मधोमध एकाच बोल्टवर ठेवा, म्हणजे रूळ किंचित वाकडे असले तरी प्रत्येक जोडी आपली आपण वळून जुळवून घेते.

चाकं मऊ घ्यावीत की कडक? रस्त्यावर चालवायचं असतं तर मऊ बरी, पाइपवर मध्यम कडक चांगली. फार मऊ चाकाला डॉली रात्रभर रुळावर उभी राहिली तर चपटा डाग पडतो, आणि मग प्रत्येक फेऱ्याला ‘टक’.

पाइपच्या बाबतीत काटकसर करू नये. वायरिंगचा पातळ कंड्युइट पाइप दोन टेकूंच्या मध्ये झोळीसारखा वाकतो. नळजोडणीचा जाड भिंतीचा पीव्हीसी पाइप घ्या, आणि दुकानात जमिनीवर ठेवून फिरवून पाहा. सरळ नसलेला लगेच कळतो. तीन मीटरचा पाइप घेतला म्हणून तीन मीटरचा शॉट मिळत नाही, हा हिशेब बरेच जण करत नाहीत. डॉलीचीच लांबी ६० सेंमी, उरले २.४ मीटर. वेग धरायला आणि थांबायला दोन्हीकडे ३० सेंमी सोडले की वापरायला १.८ मीटर उरतात. सेकंदाला २० सेंमी या वेगाने तो नऊ सेकंदांचा शॉट झाला. संकलनात त्यातले पाच-सहाच सेकंद वापरले जातात, म्हणजे एका खोलीसाठी तीन मीटर पुरतात.

त्याहून लांब हवं असेल तर जोड येतो आणि तिथेच ठेच लागते. बाहेरून कपलिंग लावू नका. पाइपच्या आत घट्ट बसणारा लाकडी दंडा किंवा बारीक पाइप घालून दोन टोकं एकमेकांना भिडवा. कापताना सरळ न कापता तिरकं कापलं तर चाक फटीवरून अलगद जातं. दोन्ही रुळांचे जोड समोरासमोर येऊ देऊ नका.

कॅमेरा बसवायचा आटा पाव इंचाचा असतो, इंचाला २० आटे. हार्डवेअरच्या दुकानात ‘पाव इंची बीएसडब्ल्यू’ मागा. सहा मिमीचा बोल्टही आत जातो असं वाटतं, पण तो सैल बसतो आणि कॅमेऱ्याचे आटे खातो. प्लायवर थेट ट्रायपॉड उभा करणार असाल तर तिन्ही पायांना खाचा करून पट्टीने आवळा.

वजनाला घाबरू नका. हलकी डॉली बोटाच्या प्रत्येक थरथरीला प्रतिसाद देते. पाच किलो उकड्या तांदळाची पिशवी वर टाकली की तीच डॉली शहाण्यासारखी चालते. चाकं कुरकुरली तर पाइपवर टाल्कम पावडर चोळा.

रुळांची खरी अडचण वेळेची. पाणसळ लावून, खाली पाचरी सारून दोन्ही रूळ एका पातळीत आणायला वेळ लागतो, आणि चौकट बदलली की सगळं पुन्हा. चिऱ्याच्या अंगणात तर प्रत्येक दगड आपल्या मनाने बसलेला असतो. एकटे असाल तर एका दुपारी चार चांगले शॉट झाले म्हणजे पुष्कळ.

बाकीचे तिघे

व्हीलचेअरला हसू नका. फ्रान्समध्ये १९६०च्या सुमारास कॅमेरामन राउल कुतार यांनी व्हीलचेअरवर बसून चित्रण केलं होतं. गुळगुळीत फरशीच्या लांब व्हरांड्यात, शाळेच्या किंवा कार्यालयाच्या बोळात ती रुळांपेक्षा झटपट तयार होते. हवेचे टायर असतील तर थोडी हवा कमी करा. एक खोडी ध्यानात ठेवा: दिशा बदलली की पुढची लहान चाकं गर्रकन फिरतात आणि चित्राला झटका बसतो. म्हणून ज्या दिशेला जायचं त्या दिशेला खुर्ची आधी थोडी ढकलून चाकं वळवून घ्या, मग चित्रण सुरू करा. फरशीच्या सांध्यांचे झटके मात्र तिलाही चुकत नाहीत. कॅमेरा हातात धरून बसलात तर तुमचं शरीर ते थोडे गिळतं.

टेबलावरची तीन चाकांची डॉली कडप्प्याच्या ओट्यावर किंवा काचेच्या टेबलावरच चालते. तिची मजा वळणात आहे. तिन्ही चाकांच्या आसांच्या रेषा जिथे मिळतात त्या बिंदूभोवती ती फिरते. तिथे ताट ठेवा, कॅमेरा ताटावर रोखलेलाच राहतो.

कपाटाच्या ड्रॉवरच्या टेलिस्कोपिक चॅनलवर केलेला स्लायडर पुष्कळ जण सुचवतात. मी सुचवणार नाही. बाहेर आला की चॅनल टोकाला झुकतो आणि चित्र कलतं.

साधन कुठलंही असो

फोनमधलं स्थिरीकरण डॉलीवर बंद करा. ते तुमच्या संथ सुरुवातीला कंप समजून चित्र धरून ठेवतं आणि मग एकदम सोडतं, त्यामुळे रुळांची सगळी मेहनत वाया जाते. गिंबलसाठी त्या-त्या फोनवर ते चालू आणि बंद, दोन्ही करून पाहावं.

सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने जत्रेतल्या बहुतेक दिव्यांची लुकलुकही याने टळते. भर उन्हात मात्र फोनला हे झेपत नाही. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ५० आणि शटर १/५० असताना स्वच्छ उन्हात एफ/१६ इतकं बारीक छिद्र लागतं, फोनचं छिद्र असतं एफ/१.८च्या आसपास, म्हणजे बरंच मोठं. सहा स्टॉपचा (प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट) हा फरक भरून काढायला एनडी ६४, म्हणजे प्रकाश ६४ पटींनी कमी करणारा फिल्टर हवा. तो नसेल तर फोन शटर हजाराच्या पुढे नेतो, आणि सरकतं चित्र तुटक दिसतं. तेव्हा सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर काम करा, किंवा डॉलीच्या खर्चात हा फिल्टर धरूनच चाला.

खारा वारा आणि पाऊस

इथे मात्र घरच्या डॉलीची बाजू वरचढ आहे. गिंबलच्या मोटरीत वाळूचा कण गेला की घरी उघडून साफ करणं अवघड. डॉलीचं बेअरिंग खराब झालं तर बदललं. दोन्हीकडे रबरी सील असलेली बेअरिंग घ्या, नुसत्या पत्र्याच्या झाकणाची नकोत. बोल्ट स्टेनलेसचे घ्या. लोखंडी अँगल एका पावसाळ्यात तांबूस होतो, म्हणून वर अॅल्युमिनियम लिहिलं. पाइप गंजत नाहीत, पण उन्हात मऊ पडतात. गाडीच्या टपावर बांधून दुपारभर फिरवले तर वाकतात. भिंतीला टेकवून उभे न ठेवता सावलीत आडवे ठेवा. कॅमेरा आणि लेन्स जून ते सप्टेंबर सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात, नाहीतर काचेत बुरशी धरते.

परवानगीचा फरक

हा मुद्दा साधन घेऊन झाल्यावर आठवतो, पण निवडीवर त्याचा मोठा परिणाम होतो. ओल्ड गोव्यातल्या पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत ट्रायपॉडला परवानगी लागते, तेव्हा रूळ घेऊन गेलात तर काय होईल ते उघड आहे. मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभासमोर डॉली लावायची इच्छा कुणालाही होईल. आधी देवस्थान समितीला विचारा आणि आरतीची वेळ सोडून मागा. व्यावसायिक चित्रीकरण असेल तर पणजीत एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवाकडे चौकशी करावी. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग हे ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचे किनारे आहेत, तिथे रात्री दिवे लावून रूळ मांडायचा विचारही नको.

पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीतले रहिवासी तर दारात उभं राहून फोटो काढणाऱ्यांनाच कंटाळले आहेत. तिथल्या अरुंद गल्लीत सहा फूट रूळ टाकले की पहिली स्कूटर येईपर्यंतच तुमचा शॉट. तिथे गिंबल घेऊन, सकाळी लवकर, घरमालकाला विचारून.