लिनक्सवर पिक्चर नीट कशावर चालतो: जुनं एनव्हिडिया, रेडिऑन की सातव्या पिढीचं इंटेल?

नागपूरच्या सीताबर्डीतल्या सेकंडहँड दुकानांत ऑफिसांतून निघालेले डेस्कटॉप रांगेने मांडलेले असतात. त्यातले बरेच बिघडलेले नाहीत, फक्त विंडोजच्या नियमात बसत नाहीत. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, पण ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. म्हणून दुकानदार म्हणतो, "घेऊन जा ना भाऊ, लिनक्स टाकून देतो, सगळं चालते."

सगळं चालत नाही. लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली, मिंट आणि उबुंटू हे तिचे प्रकार. काय चालेल हे मिंट घेतलं की उबुंटू यापेक्षा खोक्यात कोणती ग्राफिक्स चिप आहे यावर ठरतं, आणि दुकानात नेमकं तेच कोणी विचारत नाही.

आधी ज्यांनी हा नादच करू नये त्यांच्याबद्दल. टॅलीवर हिशेब असतील, कोरलड्रॉमध्ये फ्लेक्स बनवत असाल, श्रीलिपीत पत्रिका जुळवत असाल, तर विंडोजवरच राहा आणि आठव्या पिढीचं मशीन बघा. वाईन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायची सोय) वापरून यातलं काही उघडतं, पण उघडणं वेगळं आणि मार्च अखेरीला त्यावर काम उरकणं वेगळं. कृतिदेवमधल्या जुन्या फायलींना एवढी भीती नको. फॉन्ट टाकला की लिब्रेऑफिसमध्ये मजकूर दिसतो, मात्र तो युनिकोड नसल्याने पुढे वापरायचा तर बदलून घ्यावा लागतो.

प्रिंटरचंही आधीच बघून घ्या. कॅननचा एलबीपी २९०० आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलांच्या टेबलापर्यंत सगळीकडे आहे, आणि लिनक्सवर तो डोकेदुखी आहे. त्याची भाषा कंपनीची स्वतःची, लिनक्सचा ड्रायव्हर जुनाट. एचपीचा लेझरजेट १०२० जमतो, पण दर वेळी चालू केल्यावर त्याला कॉम्प्युटरकडून फर्मवेअर (यंत्राच्या आत चालणारा प्रोग्रॅम) पाजावं लागतं. ते मार्गी लागतं, फक्त पहिल्या दिवशी डोकं खातं.

आता मुद्द्यावर येऊ. समजा घरात मशीन हवं ते नेट, लिखाण, मुलांचा अभ्यास आणि पिक्चर बघायला. पर्याय तीन.

पहिला म्हणजे जुनं एनव्हिडिया कार्ड लावलेलं मशीन. "ग्राफिक्स कार्डवालं आहे" म्हणून दुकानदार याचे जास्त पैसे मागतो, आणि लिनक्ससाठी तिघांत हेच सगळ्यात कटकटीचं. कंपनीचा बंद (आतला कोड न दाखवणारा) ड्रायव्हर घ्यायचा की नुव्हो हा मोकळा ड्रायव्हर, हा इथला पेच. नुव्हो लिहिणाऱ्यांनी तो बराचसा उलट्या बाजूने, कार्ड कसं वागतं ते बघत बघत उभा केला. त्यांच्या चिकाटीला सलाम, पण जीटीएक्स ९०० मालिकेच्या बहुतेक कार्डांपासून एनव्हिडियाने स्वतःच्या सहीचं फर्मवेअर सक्तीचं केलं. त्यामुळे ९०० आणि १००० मालिकेत नुव्होला कार्डाचा वेग वाढवताच येत नाही. सुरू होताना ज्या मंद गतीवर कार्ड असतं, त्याच गतीवर ते रांगत राहतं. लिनस टोरवाल्ड्सने २०१२ साली फिनलंडमध्ये भर सभेत एनव्हिडियाला बोट दाखवून शिवी हासडली होती, ती या कंपनीच्या असहकारावरूनच.

मग बंद ड्रायव्हर टाका म्हणाल. चालतो, पण जुन्या कार्डांना तो मागे सोडत जातो. जीटी ७१० सारख्या केप्लर या जुन्या पिढीतल्या कार्डांना ड्रायव्हरची ४७० ही शेवटची शाखा, आणि तिचा आधार २०२४ मध्ये संपला. पुढे कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला की ड्रायव्हर जुळत नाही, सकाळी मशीन लावावं तर समोर काळा पडदा. त्यातही जीटी ७१० ला एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून छोटा करायचं नवं तंत्र) हार्डवेअरमध्ये, म्हणजे चिपच्या आतच, उलगडता (डीकोड करता) येतच नाही, म्हणजे ज्यासाठी कार्ड घेतलं तेच काम प्रोसेसरच्या गळ्यात. कंपनीने मे २०२२ मध्ये कर्नलचे ड्रायव्हर खुले केले खरे, पण ते जीटीएक्स १६०० आणि आरटीएक्स २००० पासून पुढच्यांसाठी. तसं कार्ड हाती असेल तर चित्र बरंच बरं आहे. तरी फायरफॉक्समध्ये हार्डवेअर डीकोडिंग हवं असेल, तर मध्ये एक वेगळा दुवा बसवावा लागतो.

दुसरा पर्याय एएमडीच्या रेडिऑनचा, म्हणजे आरएक्स ५५० किंवा ५७० लावलेलं मशीन. इथे ड्रायव्हर शोधायची भानगडच नाही. एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलमध्येच आहे, वरचा थर मेसा या मोकळ्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरचा, लावलं की चालू. एचईव्हीसी १० बिटपर्यंत (रंगछटा जास्त असलेला प्रकार) उलगडतं. एक खोट आहे आणि ती विक्रेत्याला बहुधा ठाऊक नसते: या पोलारिस पिढीच्या कार्डांना व्हीपी९ हे दुसरं व्हिडिओ-तंत्र हार्डवेअरमध्ये जमत नाही. यूट्यूब बरंचसं व्हीपी९ मध्येच येतं, म्हणून तिथे भार पुन्हा प्रोसेसरवर. ब्राउझरमध्ये एच२६४ या जुन्या तंत्राची सक्ती करणारं एक्स्टेन्शन टाकलं की १०८०पी पर्यंत निभतं, पण यूट्यूबवरचं फोर-के हातचं जातं. खेळही खेळायचे असतील तर तिघांत हेच घ्या.

तिसरा पर्याय कार्डच नसलेला, इंटेलचा अंगभूत ग्राफिक्सवाला डबा. इथे पिढी बघा, आय५ की आय३ ते नंतर. चौथ्या पिढीला एच२६४ जमतं, एचईव्हीसी नाही. सहाव्या पिढीला ८ बिट एचईव्हीसी जमतं, १० बिट धड नाही. सातव्या पिढीत, म्हणजे एचडी ६३० मध्ये, १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही पूर्णपणे हार्डवेअरवर. एव्ही१ या त्याहून नव्या तंत्रासाठी मात्र अकरावी पिढी लागते. आणि सातव्या पिढीला विंडोज ११ जवळपास घेतच नाही, म्हणून ही मशीन आठव्या पिढीच्या मानाने खाली उतरलेल्या भावात मागता येतात. विंडोजने नाकारलेलं नेमकं तेच मशीन लिनक्सवर पिक्चरसाठी सगळ्यात बिनघोर, म्हणून माझं मत याला.

फरक बघायचा तर लग्नाच्या शूटिंगची फाइल घ्या. हल्ली फोटोग्राफर पेनड्राइव्हमध्ये फोर-के एचईव्हीसी देतात, बरेचदा १० बिट. चौथ्या पिढीच्या आय५ वर हळदीपर्यंत गाडी कशीबशी जाते. ड्रोनचं दृश्य आलं की चारही कोर नव्वदीपार, पंख्याचा आवाज सनईच्या वर, चित्र अडखळतं आणि मंगलाष्टक पुढे निघून जातं. तीच फाइल सातव्या पिढीवर लावा, प्रोसेसर जेमतेम जागा होतो. नवतपात कूलर लावूनही खोली तापलेली असते तेव्हा हा फरक पंख्याच्या आवाजावरूनच कळतो.

एचडी ६३० ची उणीवही ऐकून ठेवा. एचडीएमआयमधून फोर-के टीव्हीला सहसा ३० हर्ट्झच मिळतं, ६० साठी डिस्प्लेपोर्ट लागतो. बऱ्याच ऑफिसी डब्यांना तो मागे असतोच. नेटफ्लिक्सचं फोर-के लिनक्सवर विसरा. तिथे अडचण चिपची नाही, चोरी रोखायच्या कुलपाची आहे, आणि त्यावर तिन्ही पर्याय सारखेच हतबल. ओटीटी हाच मुख्य धंदा असेल तर टीव्हीची काडी घ्या, मशीन कशाला?

लिनक्स कोणतं, यावर फार वेळ घालवू नका. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत, आणि इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत टिक केली की बहुतेक काम होतं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने २०२२ पासून पेटंटच्या भीतीने मेसामधलं एच२६४ आणि एचईव्हीसीचं हार्डवेअर डीकोडिंग काढलं. ते आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या सॉफ्टवेअर-भांडारातून परत आणावं लागतं, म्हणून पहिल्यांदाच येणाऱ्याला मी फेडोरा सुचवत नाही.

पैसे द्यायच्या आधी दुकानातच तपासा. मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता मशीन चालवणारा) आणि स्वतःची फोर-के फाइल सोबत न्या. मोबाइलचं नेट यूएसबीने जोडून एमपीव्ही हा व्हिडिओ प्लेअर टाका, फाइल लावा, कंट्रोल धरून एच दाबा म्हणजे हार्डवेअर डीकोडिंग सुरू होईल, मग नुसतं आय दाबा. पडद्यावर व्हीएएपीआय (हार्डवेअर डीकोडिंग चालू असल्याची खूण) लिहून आलं आणि गळलेल्या फ्रेमचा आकडा वाढत नसेल, तर डबा चांगला. तेवढ्यात वायफाय पकडतंय का बघा, ब्रॉडकॉमची चिप निघाली तर वेगळा ड्रायव्हर लागू शकतो. मशीन एकदा स्लीपला टाकून उठवा, जुन्या एनव्हिडियावाल्यांचं पितळ बरेचदा इथेच उघडं पडतं. आणि दुकानदार कार्डाचे जास्त लावत असेल, तर कार्ड काढून भाव सांगा म्हणा.