उंबरठ्याचे घर, बोटीची केबिन आणि रोबोट व्हॅक्यूम: १४ महिन्यांचा अनुभव

आमचे घर बडोद्यात दांडिया बाजाराच्या जवळ, माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेले. दिवाणखान्यात नंतर बसवलेली कोटा दगडाची फरशी आहे, माजघरात मात्र अजून त्या काळच्या काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या सिमेंटच्या फरश्या आहेत, आणि या दोहोंच्या मध्ये सागाचा उंबरठा आहे, जो फूटपट्टीने मोजला असता बरोबर ५ सेंटिमीटर उंच भरतो. हे माप मी रोबोट घेतल्यानंतर घेतले. आधी घेतले असते तर हा लेख बराच छोटा झाला असता.

गेल्या वर्षी दसऱ्याला आम्ही लेझरने खोली मोजणारा, झाडणे आणि पुसणे अशी दोन्ही कामे करणारा रोबोट घेतला. किंमत पंचवीस हजारांच्या आतबाहेर होती. त्याआधी मुलीने भेट दिलेला एक साधा, लेझर नसलेला रोबोट घरात होता. तो माझ्या धाकट्या दिरांनी त्यांच्या बोटीवर नेला. त्यामुळे गेल्या सव्वा वर्षात हे यंत्र जमिनीवर आणि पाण्यावर असे दोन्हीकडे वापरलेले पाहायला मिळाले.

खरेदी करताना दुकानदार पास्कल, म्हणजे हवेच्या दाबाचे एकक, सांगतो. किती हजार पास्कलची ओढ आहे, यावरच सारा भर असतो. आमच्यासारख्या गालिचा नसलेल्या घरात या आकड्याला फारसे महत्त्व नाही, कारण कोट्यावरची धूळ उचलायला फार ओढ लागतच नाही. ती ब्रशापर्यंत पोहोचली म्हणजे झाले. प्रश्न असतो तो यंत्र तिथे पोहोचते की नाही याचा. या जातीची बहुतेक यंत्रे जेमतेम दोन सेंटिमीटरचा अडथळा ओलांडतात. आमच्या यंत्राने पहिल्याच दिवशी उंबरठ्याला तीन वेळा धडक दिली आणि ती भिंत आहे असे ठरवून टाकले.

मग सुताराला बोलावून उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना प्लायवूडचे उतार करून घेतले. पहिला उतार फार उभा झाला आणि चाके घसरू लागली. दुसरा चांगला लांब केला, त्यावर यंत्र चढले. परंतु नेमके माथ्यावर पोहोचल्यावर त्याचे पोट लाकडाला टेकले, दोन्ही चाके अधांतरी फिरू लागली आणि ते मदतीसाठी आवाज देऊ लागले. माथा रुंद केला असता तर हेही जमले असते, पण तोपर्यंत सासूबाईंचा पाय त्या उतारावरून एकदा घसरता घसरता वाचला होता. शिवाय सणावारी त्या उंबरठ्याला हळदीकुंकू वाहतात, आणि प्लायवूडला कुंकू वाहायला त्यांनी स्पष्ट नकार दिला. त्यांचे म्हणणे मला पटले. उतार काढून टाकले.

त्यावर एक तोड सापडली. या यंत्राच्या ॲपमध्ये एकाहून अधिक मजल्यांचे नकाशे साठवता येतात. आम्ही माजघराचा नकाशा दुसरा मजला म्हणून साठवला. यंत्र उचलून उंबरठ्यापलीकडे ठेवले की लेझर भिंती ओळखतो, आपण 'वरच्या मजल्यावर' आहोत असे त्याला कळते आणि ते कामाला लागते. काम संपल्यावर मात्र चार्जिंगचा डॉक त्या मजल्यावर नसल्याने ते जिथून सुरू झाले तिथेच येऊन बसते, आणि साडेतीन किलोचे ते धूड पुन्हा उचलून दिवाणखान्यात आणावे लागते. कंबर धरणाऱ्या माणसाने ही गोष्ट आधीच विचारात घ्यावी.

माजघरात दुसरी अडचण आली ती काळ्या फरशीची. यंत्राच्या पोटाखाली कडेने अवरक्त किरणांचे संवेदक असतात. खाली सोडलेला किरण परत आला नाही तर पुढे पायरी किंवा खड्डा आहे असे समजून ते मागे सरते. काळा रंग तो किरण शोषून घेतो. त्यामुळे आमच्या माजघरात ते पांढऱ्या चौकटीवरून उत्साहाने निघे आणि काळ्या चौकटीच्या काठाशी विहिरीच्या कडेला आल्यासारखे थबके. सगळ्याच काळ्या फरश्यांवर असे होत नसे. ज्या घासून घासून फिकट झाल्या होत्या त्यांवरून ते निमूट जाई, भिंतीकडेच्या गडद राहिलेल्या फरश्या मात्र त्याला खोल वाटत. संवेदकांवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवण्याचा उपाय अनेक जण सांगतात. तो चालतो, परंतु मग यंत्राला खरी पायरीसुद्धा कळत नाही, आणि आमच्या माजघराच्या मागच्या दारापुढे अंगणात उतरायला तीन पायऱ्या आहेत. आम्ही पट्टी लावली नाही. त्या काही फरश्या आमच्याकडे कामाला येणाऱ्या बेन (बाई) हाताने झाडतात.

दिवाणखान्यात मात्र हे यंत्र मनापासून आवडले. तिथे बडोद्यातल्या पुष्कळ घरांप्रमाणे मोठा झोपाळा आहे, आणि झोपाळ्याला पाय नसतात. त्याखालून यंत्र सरळ निघून जाते. लेझरचा मनोरा साधारण नऊ-दहा सेंटिमीटर उंचीवरून चहूकडे पाहतो, त्यामुळे त्याहून खाली जे काही आहे, म्हणजे चपलेचा पट्टा, चार्जरची वायर, पूजेची पळी, ते त्याला दिसत नाही आणि ते त्यावर चढते. अडथळे ओळखणारा कॅमेरा असलेली महाग यंत्रे मिळतात; आमच्या यंत्राला तो नाही. सकाळी साडेनऊला ते निघण्यापूर्वी जमिनीवरच्या वस्तू उचलून ठेवण्याची सवय घरातल्या सर्वांना लागली, फक्त आमच्या यजमानांना लागली नाही.

पुसण्याबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. मागे लावलेले ओले फडके फरशीवरून ओढत नेणे, एवढेच ते काम. पाऊलखुणा जातात, चहाचा वाळलेला डाग जात नाही. स्वयंपाकघरात पोळ्या झाल्यावर सांडलेल्या पिठावरून ते ओल्या फडक्यासह गेले तर ओट्याखाली पातळ खळ तयार होते. म्हणून तिथे आधी कोरडे झाडून मगच फडके लावायचे. पावसाळ्यात ते फडके काढून वाळवले नाही तर दुसऱ्या दिवशी संपूर्ण घराला कुबट वास येतो.

देवघरासमोरची रांगोळी हा स्वतंत्र विषय आहे. रांगोळी म्हणजे दगडाची बारीक पूड. ती गाळणीच्या घड्यांत जाऊन बसते आणि ओढ एकदम कमी होते. पहिल्या आठवड्यात सासूबाईंचे स्वस्तिक यंत्राने पूर्ण गिळले, त्यानंतर ॲपमध्ये देवघरापुढे निषिद्ध चौकोन आखला. तो गेले वर्षभर एकदाही मोडला गेलेला नाही. समईच्या दृष्टीनेही तो आवश्यकच होता.

उत्तरायणाचा अनुभव कोणी आधी सांगितला असता तर बरे झाले असते. १४ जानेवारीला आणि दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणाला अख्खे शहर पतंग उडवायला गच्चीवर असते, आणि दोरीचे तुकडे चपलांना, साड्यांच्या काठांना चिकटून घरभर येतात. सोळा तारखेला यंत्र दिवाणखान्याच्या मधोमध थांबले. मुख्य ब्रश काढून पाहिला तर त्यावर दोरी फिरकीवर असते तशी गुंडाळलेली होती; ती कात्रीने कापली. तरीही ब्रश फिरेना. मग टोकाची टोपी काढली तेव्हा आत आसाभोवती काच लावलेला मांजा इतका घट्ट बसलेला दिसला की तो सुईने उसकून काढायला पाऊण तास लागला आणि बोटही कापले. केसांचेही तसेच होते, फक्त हळूहळू. आता दर रविवारी ती टोपी उघडून पाहते, आणि संक्रांतीच्या आठवड्यात यंत्र बंद ठेवायचे ठरवले आहे.

नवव्या महिन्यात लेझरचा मनोरा फिरेनासा झाला. सेवाकेंद्राने अहमदाबादला पाठवावे लागेल असे सांगितले, अठरा दिवस यंत्र ठेवून घेतले आणि परत देताना मनोऱ्यात धूळ होती एवढेच कारण दिले. तेव्हापासून आठवड्यातून एकदा मऊ रंगब्रशाने ती फट मीच साफ करते.

आता बोटीविषयी. दीर व्यापारी जहाजांवर नोकरीला होते. निवृत्तीनंतर त्यांनी जुनी ३६ फुटी शिडाची बोट घेतली. ती कोचीला बोळगट्टीच्या मरिनात (खाजगी बोटी उभ्या करण्याच्या धक्क्यावर) बांधलेली असते आणि वर्षातले पाच-सहा महिने ते तिच्यावरच राहतात. आम्ही फेब्रुवारीत तिथे दहा दिवस होतो. "वहिनी, तुमचा जुना नोकर इथे काय करतो ते बघा," असे म्हणून त्यांनी उत्साहाने तो सुरू केला.

बोटीच्या केबिनमध्ये मोकळी जमीन किती असते? बसण्याच्या जागेतली चटईएवढी एक पट्टी. पुढच्या झोपण्याच्या खोलीला आणि न्हाणीघराला वीतभर उंच उंबरठे, कारण एका भागातले पाणी दुसऱ्यात जाऊ नये हाच त्यांचा उद्देश असतो. म्हणजे आमच्या माजघराची गोष्ट तिथे दोन ठिकाणी.

खरी गंमत पुढे आहे. हे जुने यंत्र चाकांचे फेरे मोजून आणि जायरोस्कोपने आपण किती वळलो ते पाहून समांतर रांगांत चालते. धक्क्याला बांधलेल्या बोटीवर ते बरे चालत होते. बाजूने प्रवासी फेरीबोट गेली आणि तिच्या लाटेने बोट झुलली की आपल्याला कोणी उचलले असे समजून थांबत होते, इतकेच. परंतु आम्ही एक रात्र बोट नांगरून राहिलो. ओहोटी सुरू झाली तशी बोट नांगराभोवती हळूहळू फिरू लागली. बोटीचे ते वळणे जायरोस्कोपने स्वतःचेच वळणे मानले आणि ते दुरुस्त करण्यासाठी यंत्र उलट दिशेने वळत राहिले. त्याच्या सरळ रांगा तिरक्या होत होत शेवटी ते एका बाकाच्या कोपऱ्यात अडकले. लेझरच्या यंत्राला केबिनच्या भिंती स्थिर दिसल्या असत्या, त्यामुळे त्याचा गोंधळ बहुधा कमी झाला असता. पण ते उंच यंत्र तिथल्या टेबलाच्या पायथ्याखाली शिरले नसते.

विजेचा हिशोब दिरांनी वहीत मांडून दाखवला. यंत्राची बॅटरी १४.४ व्होल्ट आणि २.६ अँपिअर-तास, म्हणजे सुमारे ३७ वॅट-तास. बोटीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरमार्गे ती भरताना होणारी गळती धरली तरी एका वेळी चार-पाच अँपिअर-तास, जे परवडते. परंतु यंत्र डॉकवर बसून राहावे म्हणून इन्व्हर्टर दिवसभर चालू ठेवला तर तो रिकामा बसूनच त्याच्या कितीतरी पट खातो. म्हणून ते यंत्र हाताने लावायचे, भरले की इन्व्हर्टर बंद करायचा. आपोआप रोज ठरल्या वेळी निघण्याची सोय, जिच्यासाठी हे यंत्र घ्यायचे, तीच नांगरावर गेली. किनाऱ्याची वीज जोडलेली असेल तेव्हा हा प्रश्न नाही.

खाऱ्या हवेने डॉकवरच्या पितळी पट्ट्या दोन महिन्यांत हिरव्या पडल्या. खोडरबराने घासल्यावर पुन्हा चालू झाल्या. प्रवासाला निघताना यंत्र कपाटात बंद करावे लागते, कारण बोट कलली की ते केबिनभर सुटे फिरेल. एक फायदा मात्र दिरांनीही मान्य केला. बोटीच्या तळफळ्यांच्या फटींतून केस आणि धूळ खाली बिल्जमध्ये, म्हणजे पाणी साचणाऱ्या तळाच्या पोकळीत, जातात आणि तिथल्या पाणी उपसणाऱ्या पंपाच्या जाळीत अडकतात. रोज झाडल्यामुळे जाळी पूर्वीपेक्षा स्वच्छ राहिली. तरी माझे मत विचाराल तर बोटीवर १२ व्होल्टवर चालणारा हातातला छोटा व्हॅक्यूम पुरे. तेवढी जागा माणूस पाच मिनिटांत साफ करतो आणि उंबरठे त्याला अडवत नाहीत.

दिरांनीही पावसाळ्यापूर्वी तसाच एक घेतला आणि जुने यंत्र आम्हाला परत पाठवले. लेझरचा मनोरा नसल्यामुळे ते जेमतेम साडेसात सेंटिमीटर उंच आहे आणि माजघरातल्या शिसवी पलंगाखाली, जिथे नवे यंत्र शिरतच नाही, तिथे आरामात जाते. काळ्या फरश्यांना तेही घाबरतेच. त्याचा डॉक आम्ही माजघरातच लावला आहे. आता उंबरठ्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशी दोन यंत्रे आपापल्या हद्दीत चालतात, आणि उचलाउचल थांबली आहे. जुन्या यंत्राच्या बॅटरीचा दम आता चाळीस मिनिटांवर आला आहे. माजघराला पंचवीस पुरतात.