रूट्स ऑफ एम्पथी : आमची लेक तिसरीच्या वर्गात

टोरंटो परिसरात राहणाऱ्या आणि घरी तान्हं बाळ असलेल्या मराठी आईबाबांसाठी मुद्दाम लिहितेय.

रूट्स ऑफ एम्पथी हा शाळेतल्या मुलांना बाळाच्या निमित्ताने दुसऱ्याच्या भावना समजून घ्यायला शिकवणारा उपक्रम. शिक्षणतज्ज्ञ मेरी गॉर्डन यांनी १९९६ मध्ये याच शहरात तो सुरू केला. वर्षभर एकाच वर्गाकडे एकच बाळ असतं. एकूण २७ तासिका, त्यातल्या ९ तासिकांना बाळ आईबाबांबरोबर येतं. बाकीच्या तासिका प्रत्येक भेटीच्या आधी आणि नंतर होतात. सगळ्या तासिका प्रशिक्षित मार्गदर्शक घेतात. आमची लेक तीन महिन्यांची असताना तिसरीच्या वर्गात जाऊ लागली. सासूबाईंनी नाशिकहून बजावलं होतं, तीट लावल्याशिवाय नेऊ नकोस. मुलांनी पहिल्याच दिवशी विचारलं, हा काळा ठिपका कशाला? म्हटलं, लांब राहणाऱ्या आजीला हिची काळजी वाटते ना, म्हणून.

हिरवी चादर अंथरतात, मुलं भोवती बसतात. एकदा लेक पालथी पडून खेळण्याकडे सरकायला बघत होती. जमेना, तशी चिडून रडायला लागली. एक मुलगी खेळणं पुढे ढकलायला उठली, पण मार्गदर्शक बाईंनी तिला थांबवून वर्गालाच विचारलं, तिला आत्ता काय वाटत असेल? भूक लागली असेल, झोप आली असेल, असं बरंच काही आलं. मग मागून एक मुलगा म्हणाला, मला हातच्याची वजाबाकी येत नाही ना, तेव्हा असंच होतं. कुणीही हसलं नाही. पुढच्या तासिकेत त्याच धाग्यावरून चर्चा झाली : अशा वेळी मदत हवी असते, की कुणी नुसतं जवळ बसलेलं पुरतं?

माझ्या मते सगळी ताकद या पुढच्यामागच्या तासिकांत आहे. भारतातल्या एखाद्या शाळेने एक दिवस बाळ बोलावलं, फोटो काढले, तर कौतुक होईल, पण त्यापलीकडे फारसं काही हाती लागणार नाही. मानसशास्त्राच्या संशोधक किम्बर्ली शोनर्ट-राइकल यांच्या अभ्यासात अशा वर्गांमधल्या मुलांचा आक्रमकपणा कमी झालेला दिसला. वर्गात बसून पाहिल्यावर मला ते सहज पटलं. मुलगेही किती हळुवारपणे तिच्या पायांना हात लावायचे!

बाळाची झोपेची वेळ आधीच शाळेला सांगून ठेवा. वर्गात कुणाला सर्दी-ताप असेल, तर भेट पुढे ढकलायला सांगताना संकोच करू नका. शाळा सुरू होताना बाळ साधारण दोन ते चार महिन्यांचं असावं लागतं, तेव्हा उन्हाळ्यातच जवळच्या शाळेत चौकशी करा.