ऑफिसच्या प्रॉक्सीसाठी स्क्विड की टायनीप्रॉक्सी?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं टॉवेल कारखान्याचं ऑफिस घ्या. दहा-पंधरा संगणक, निर्यातीचे सगळे ईमेल त्यांवरच, आणि नेटवर्क बघणारा माणूस महिन्यातून एकदा येणार. प्रॉक्सी म्हणजे ऑफिसातले संगणक आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसणारा मध्यस्थ प्रोग्राम; स्क्विड आणि टायनीप्रॉक्सी हे असेच दोन. अशा ठिकाणी या दोघांतला कोणता कमी धोक्याचा?

स्क्विडचा इतिहास वाचून धडकी भरते. जोशुआ रॉजर्स या संशोधकाने २०२१ मध्ये तो तपासला आणि सुरक्षेतल्या ५५ त्रुटी काढल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याने त्या जाहीर केल्या तेव्हाही ३५ दुरुस्त व्हायच्या होत्या. त्या सुमारास निघालेली एक त्रुटी तर थेट डायजेस्ट ऑथेंटिकेशनमध्येच (पासवर्ड तपासण्याच्या एका पद्धतीत) होती, म्हणजे कुलपातच खोट. ती स्क्विडच्या ६.४ आवृत्तीत बुजवली. पुढे २०२५ मध्ये एरर पेजमधून लॉगिनची माहिती फुटत असल्याचं निघालं; त्यासाठी ७.२ आली. पण यातल्या बऱ्याच त्रुटी क्वचित लागणाऱ्या सोयींमध्ये आहेत. डायजेस्ट वापरतच नसाल तर ती त्रुटी तुमच्यापर्यंत येत नाही.

टायनीप्रॉक्सीचा कोड छोटा, म्हणून लोक निर्धास्त असतात. तरी मे २०२४ मध्ये सिस्को टॅलोस या सुरक्षा-संशोधन गटाने जाहीर केलेली त्रुटी धोक्याच्या मापनात दहापैकी ९.८ गुणांची होती. ती कनेक्शन हेडर (प्रत्येक विनंतीसोबत येऊ शकणारी जोडणीविषयीची ओळ) हाताळण्यातली, म्हणजे ती सोय बंद करून ठेवण्यासारखी नाही; १.११.२ आवृत्तीत दुरुस्त झाली. मात्र तो कोड परवानगी यादी आणि पासवर्ड तपासून झाल्यावरच चालतो. खरा घोळ पुढे आहे: कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, ‘अलाउ’ (परवानगी) किंवा ‘डिनाय’ची (मनाईची) एकही ओळ नसेल तर टायनीप्रॉक्सी येईल त्याला आत घेतो. स्क्विड मुळातच बाहेरच्याला नाही म्हणतो.

कॅशसाठी, म्हणजे एकदा उघडलेली पानं साठवून पुन्हा देण्यासाठी, स्क्विड घ्या असं अजून सांगतात. आता जवळपास सगळं एचटीटीपीएसवर, म्हणजे प्रॉक्सीला आतलं वाचता येत नाही अशा कुलूपबंद जोडणीवर, असताना त्या कॅशचा उपयोग नावापुरताच.

वरच्या ऑफिसला मी टायनीप्रॉक्सीच सुचवेन: ‘लिसन’ या सेटिंगमध्ये फक्त ऑफिसच्या आतल्या नेटवर्कचा आयपी पत्ता, ‘अलाउ’मध्ये आपल्याच पत्त्यांची रेंज, आणि राउटरवर टायनीप्रॉक्सीचा ८८८८ पोर्ट बाहेर उघडा नाही. कॉलेजच्या लॅबला मुलामुलीगणिक लॉगिन आणि वेळेची बंधनं लागतात; तिथे स्क्विडला पर्याय नाही, पण दर आठवड्याला अपडेट बघणारा माणूस हवा. प्रॉक्सी डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सवर असेल तर नुसता आवृत्तीचा आकडा बघून घाबरू नका, ते जुन्या आकड्यातच दुरुस्ती घालतात. पॅकेजचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंद, वाचा.