गोठ्याच्या पाण्यावर शेवाळ: उघडं टाकं का बंद नळ्या?

भाऊ, नागपूरच्या वाडीकडे आमच्या गोठ्यात १२ म्हशी, रोजचं धुण्याचं शेणमुताचं पाणी नालीत जातं, आणि त्याच पाण्यावर क्लोरेला शेवाळ वाढवून तेल काढता येतं हे कळल्यापासून डोक्यात एकच किडा, उघडं टाकं बांधायचं का पारदर्शक नळ्यांचा सेटअप लावायचा.

उघडं टाकं म्हणजे रेसवे, लांबट गोल, २०-३० सेंमी खोल, पॅडलव्हील म्हणजे पात्यांचं चाक पाणी फिरवत ठेवतं. स्वस्त. पण नागपूरचा मे आठवा, ४५ डिग्री, पाणी भराभर उडणार, वरून रानटी शेवाळ आणि शेवाळ खाणारे बारीक जीव घुसतात ते वेगळेच. नळ्यांमध्ये हा त्रास कमी, वाढ दाट, पण खर्च बाप्पा! आणि उन्हात नळ्या अजूनच तापतात, वरून पाणी मारत बसा, आत साचलेला ऑक्सिजनही काढा.

खरी गोची मात्र पाण्यातच आहे. शेवाळात तेल जास्त भरतं ते नायट्रोजन कमी पडल्यावर, आणि आपल्या पाण्यात तर नायट्रोजनच नायट्रोजन, म्हणजे वाढ जोरात, पाणीही बरंच साफ, पण तेल कमीच. शिवाय पाणी इतकं काळपट की ऊन आत जात नाही, अमोनियाही जास्त, म्हणून आधी बायोगॅसच्या टाकीतून काढून, गाळून, पातळ करावंच लागतं, दोन्हीकडे.

तेल कमीच निघणार तर नळ्यांवर एवढा खर्च कशाला? मी तर उघडं टाकंच घेईन, उन्हाळ्यात वर हिरवी नेट. नळ्या एकदोनच, शेवाळाच्या बियाण्यापुरत्या.