‘१९३० ची दख्खनची राणी’ म्हणून गळ्यात मारलेला सेट: पैसे देण्याआधी काय मोजायचं

एचओ स्केलमधलं (खऱ्या गाडीच्या १:८७ आकाराचं मॉडेल) एक इंजिन आणि सात डबे, ‘दख्खनची राणी १९३०, हाताने बनवलेली मर्यादित प्रत’ असं सांगून ४२,००० रुपयांना विकले गेले. पैसे आगाऊ, यूपीआयने. खोकं आलं तेव्हा रंग आरशासारखा होता आणि सोबत ‘मूळ रंगाचा दाखला’ म्हणून शिक्का मारलेला कागद. टेबलावर मांडून कॅलिपर (बारीक माप घेणारी पट्टी) लावल्यावर अर्ध्या तासात कळलं की यातला एकही डबा या गाडीचा नाही आणि इंजिनही नाही. हाच प्रकार आणखी लोकांच्या वाट्याला येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहोत.

आधी रंग, कारण फसवणूक तिथेच होते. दख्खनची राणी १ जून १९३० ला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवर सुरू झाली. सात-सात डब्यांचे दोन रेक (डब्यांचे संच) होते. एक चंदेरी, त्यावर किरमिजी उठाव पट्ट्या. दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. सांगाडे विलायतेतून आले, वरची बांधणी माटुंग्याच्या कारखान्यात झाली. आपल्या सेटवर मात्र निळ्यावर पांढरा पट्टा आणि लाल रेघ होती. ती एलएचबी (नव्या, जर्मन रचनेचे) डबे येण्याआधीच्या आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्यातल्या जुन्या रचनेच्या) रेकची ओळख, म्हणजे कित्येक दशकं नंतरची. त्याच डब्यांवर अक्षरं जीआयपीआरची. मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला झाली आणि जीआयपी तिच्यात गेली, त्यामुळे ही रंगसंगती आणि ही अक्षरं एका डब्यावर कधीच नांदली नाहीत. एका डब्याच्या दाराजवळ तिसऱ्या वर्गाचा आकडा होता. सुरुवातीला गाडीला पहिला आणि दुसरा एवढेच वर्ग होते. तिसरा वर्ग आला १९५५ मध्ये. ही एक खूण जाहिरातीच्या फोटोतही दिसत होती.

दाखल्यावर रंगाच्या छटेचा (शेडचा) नंबर छापलेला होता आणि आधार म्हणून एक रंगीत फोटो. त्या काळचे बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत, रंग नंतर भरलेले असतात. शिवाय जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा उमटतो आणि निळा फिकट. अशा फोटोवरून ‘नेमका शेड’ काढलाय असं कोणी म्हणत असेल तर तो अंदाज विकतो आहे. अंदाज करायला हरकत नाही, पण तसं स्पष्ट सांगायला हवं.

आता इंजिन. ही गाडी ओढायला जीआयपीचं ईए/१, म्हणजे पुढचं डब्ल्यूसीपी-१. सहा आसं, त्यातली तीन चालक (मोटरच्या जोरावर फिरणारी), मोठ्या चाकांची. सेटमध्ये आलं ते स्विस ‘क्रोकोडाइल’, मातकट रंग देऊन. विकणाऱ्याने हे सहज खपवलं, कारण जीआयपीचं ईएफ/१ मालगाडीचं इंजिन (नंतरचं डब्ल्यूसीजी-१) दिसायला तसंच लांब नाकाचं, आणि त्यातली काही इंजिनं स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या त्याच कारखान्यात बनली जिथे स्विस क्रोकोडाइल बनली. ओळखायची खूण सोपी आहे: एका बाजूची चाकं मोजा. ईएफ/१ ला सहा, सगळी चालक. स्विस क्रोकोडाइलला (सीई ६/८) आठ, कारण दोन्ही टोकांना एकेक लहान चाक जास्तीचं. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ईए/१ मधलं ‘सर रॉजर लम्ले’ आणि ईएफ/१ मधलं ‘सर लेस्ली विल्सन’ अशी दोन्ही आहेत, त्यामुळे तुलनेला फोटो भरपूर मिळतात.

जाब विचारल्यावर उत्तर आलं, ‘मग १९६६ नंतरचा आयसीएफ रेक समजा.’ तेही मोजून पाहा. आयसीएफ डबा बफरसकट २२,२९७ मिमी लांब आणि ३,२४५ मिमी रुंद. ८७ ने भागलं की साधारण २५६ आणि ३७.३ मिमी. आपला डबा भरला २६४ आणि ३२.५. हा २६.४ मीटर लांबीच्या युरोपीय डब्याचा, लांबीत १:१०० ने आखडलेला, रुंदीत १:८७ चा साचा. लांबी आयसीएफच्या इतकी जवळ येते की फोटोत कळतच नाही. रुंदी मोजा, लांबीवर विसंबू नका. बोगीच्या (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या) दोन आसांमधलं अंतरही पाहा: आयसीएफचं २,८९६ मिमी, म्हणजे ३३.३ मिमी.

रुळांमधलं अंतर १६.५ मिमी आहे म्हणून मात्र कोणाला चोर ठरवू नका. ब्रॉडगेजचे १,६७६ मिमी एचओत १९.३ होतात, पण बाजारात मिळणारे रूळ १६.५ चेच, भारतीय गाड्यांचे जवळजवळ सगळे एचओ मॉडेल ही तडजोड करतात. दुसऱ्या मॉडेलवर रंग चढवणंही गैर नाही. चांगले रंगारी मूळ मॉडेल कोणतं ते आधी सांगतात. लपवलं की फसवणूक.

लपवलेलं शोधायला टॉर्च डब्याच्या अंगालगत तिरका धरा. आपल्या डब्यावर खिडक्यांखाली जुन्या उठाव अक्षरांच्या कडा रंगाखालून वर आल्या होत्या, आणि ‘उठाव पट्ट्या’ सपाट, नुसत्या रंगवलेल्या. डिकॅलवर (चिकटवलेल्या अक्षरांवर) वार्निश मारलेलं नसेल तर ओल्या कापसाच्या काडीने कोपरा उचलतो.

पैसे देण्याआधी मागा: डब्याच्या रुंदीवर कॅलिपर लावलेला फोटो, तळाचा फोटो (मूळ कंपनीचं नाव तिथे कोरलेलं असतं, खरवडलेलं दिसलं तर थांबा), शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी आणि इंजिन चालतानाचा न कापलेला व्हिडिओ. ‘दुसरा गिऱ्हाईक तयार आहे’ असं ऐकू आलं तर त्याला घेऊ द्या. अर्धेच पैसे आगाऊ द्या. पार्सल उघडताना सीलपासून शेवटपर्यंत सलग व्हिडिओ घ्या.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, बँकेला यूटीआर (त्या व्यवहाराचा) नंबर द्या. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता कमी. विकणारा हा धंदा म्हणून करत असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ सुद्धा आहे. जाहिरातीचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या, नंतर ती काढून टाकली जाते. आणि रागाच्या भरात रंग काढून खाली काय आहे ते बघू नका: तक्रार निकाली निघेपर्यंत तो रंगवलेला डबा हाच पुरावा आहे, आला तसाच त्याच खोक्यात ठेवा.